चाकोरीची रुंदी



मराठी भाषेने बैलगाडीकडून पुष्कळ शब्द घेतले. त्यांतला सर्वांत अर्थपूर्ण शब्द ‘चाकोरी’ हा होय. गाडीची दोन चाके एकाच वाटेने पुन्हा पुन्हा गेली, की मातीत दोन समांतर खाचा पडतात. त्या खाचांत पुढची गाडी आपोआप जाते, बैलांना ओढावे कमी लागते आणि गाडीवान डुलकी घेऊ शकतो. आज आपण ‘चाकोरीबाहेरचा’ हे विशेषण कौतुकाने वापरतो. परंतु ज्यांनी हा शब्द घडवला त्यांना चाकोरीबाहेर जाणे म्हणजे काय हे अनुभवाने ठाऊक होते. एक चाक खाचेत आणि एक बाहेर अशी गाडी चालली, तर ती कलंडते, निदान आस तरी मोडते.

आजचा विषय वरवर पाहता तरुणांच्या हौसेचा आहे. स्पोर्ट्स कार किंवा जुनी लष्करी जीप घ्यावी, तिला मूळच्यापेक्षा रुंद टायर चढवावेत, आणि चाक व धुरा यांच्यामध्ये धातूची जाड चकती घालून चाके बाहेरच्या बाजूस सरकवावीत, अशी ही हौस आहे. या चकतीला गॅरेजात ‘स्पेसर’ म्हणतात. गाडी रुंद, दणकट आणि जमिनीला चिकटलेली दिसते, वळणावर ती अधिक स्थिर राहील असा विश्वासही वाटतो. हा विश्वास कितपत खरा आहे, हे इतिहासाच्या आधाराने तपासून पाहावे, असा माझा हेतू आहे. त्यासाठी जबलपूरइतके योग्य गाव दुसरे नाही. चाकांमध्ये किती अंतर असावे हा प्रश्न या गावाने रेल्वेच्या, तोफेच्या आणि मोटारीच्या अशा तिन्ही रूपांत पाहिला आहे.

जबलपूरशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ साली सागरच्या मराठ्यांकडे आले, १७९८ साली हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांना मिळाला, आणि १८१७ साली सीताबर्डीच्या लढाईनंतर तो इंग्रजांच्या हाती गेला. पुढे मध्यप्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे १९५६ पर्यंत हिंदी भाषक जबलपूर आणि मराठी भाषक विदर्भ एकाच राज्यकारभाराखाली नांदले. या सर्व काळात नागपूरहून सातपुड्याचे घाट चढून नर्मदेकडे येणारी वाट ही मुख्यतः बैलगाडीची वाट होती. सैन्याची रसद, तोफा, मीठ, कापूस सारे काही लाकडी चाकांवरून येत असे.

त्या चाकाची घडण पाहण्यासारखी होती. मध्यभागी तुंबा, त्यात रोवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले परिघाचे लाकडी तुकडे, आणि या सर्वांना बाहेरून आवळून धरणारी लोखंडी पट्टी. ही पट्टी म्हणजे ‘धाव’. धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवीत, भट्टीत लाल करून फुगवीत, चाकावर चढवीत आणि लगेच वर पाणी ओतीत. थंड होताना ती आक्रसे आणि सगळे सांधे घट्ट बसत. ही धाव अरुंद असे. अरुंद चाक हलके असते, कठीण जमिनीवर सहज फिरते आणि चिखलात खाली रुतून तळाच्या घट्ट थरावर टेकते. काळ्या मातीच्या मुलखात पावसाळ्यात हा मोठाच गुण होय. मात्र त्याची किंमत रस्त्याला मोजावी लागे. गाडीचे सगळे वजन दोन-तीन बोटे रुंदीच्या लोखंडावर येई आणि बांधीव सडक त्याखाली कापली जाई.

रुंद चाक ही कल्पना इतिहासात प्रथम आली ती याच दुखण्यावरचा उपाय म्हणून, आणि तीही सरकारी कायद्याच्या रूपाने. इंग्लंडात टोल घेऊन राखलेल्या सडका मालवाहू गाड्यांच्या अरुंद चाकांनी उखडल्या जात. म्हणून १७५३ साली तेथील पार्लमेंटने कायदा केला, की जड गाड्यांच्या चाकांची रुंदी निदान नऊ इंच असली पाहिजे. पुढे त्याहून रुंद चाकांना टोलमध्ये सवलतीही मिळाल्या. कल्पना अशी, की रुंद चाक रस्ता कापण्याऐवजी रुळासारखे दाबील. परंतु गाडीवाल्यांनी पळवाट काढली. मोजायला चाक रुंद, पण त्याचा परीघ शंकूसारखा उतरता किंवा मधली पट्टी बाहेर आलेली. त्यामुळे जमिनीला चाकाचा थोडाच भाग टेके, आणि उतरत्या कडा फिरताना खडी घासून चुरडून टाकीत. अलेक्झांडर कमिंग नावाच्या प्रसिद्ध घड्याळजीने अठराव्या शतकाच्या अखेरीस सरळ आणि शंकूकार चाकांवर प्रयोग करून दाखवले, की नुसती रुंदी मोजून काही साधत नाही. ती रुंदी जमिनीला कशी टेकते, हेच पाहावे लागते. हा सिद्धांत आपण लक्षात ठेवू, कारण आजच्या मोटारीलाही तो तंतोतंत लागू आहे.

आता चाकाच्या रुंदीवरून दोन चाकांमधील अंतराकडे वळू. जबलपूरला हा प्रश्न रेल्वेने विचारला. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून इटारसीमार्गे येणारी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे यांची जोडणी जबलपूर येथे झाली, आणि मुंबई-कलकत्ता हा लोहमार्ग सलग झाला. समारंभाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. हे रूळ साडेपाच फूट अंतराचे. रुंद अंतरामुळे डबे मोठे आणि स्थिर राहत, पण खर्च फार येई. म्हणून याच मेयोसाहेबांच्या कारकीर्दीत, त्याच वर्षी, स्वस्त मार्गांसाठी मीटर गेजचा निर्णय झाला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत अडीच फुटी छोटी लाइन आणली. सातपुड्याची वळणे तिने सहज घेतली, कारण अरुंद मार्गाला तीव्र वळण परवडते. पण वेग तिला कधीच साधला नाही. आपल्या रुळांच्या मानाने उंच असलेला डबा वेगाने वळला तर कलंडण्याचा धोका असतो. २०१५ साली ही छोटी लाइन बंद झाली आणि तिच्या जागी साडेपाच फुटी मार्ग आला. त्यासाठी केवळ रूळ सरकवून भागले नाही. पूल, भराव, वळणांच्या त्रिज्या, फलाट, डबे, इंजिने सर्व नवे करावे लागले. रुंदी वाढवण्याचा खरा हिशेब हा असा असतो.

रेल्वे जबलपूरला आली म्हणून तोफांचे गाडे बनविणारा कारखाना येथे आला. त्यापूर्वी फत्तेगड, मद्रास आणि मुंबई येथे असे कारखाने होते. १९०४ साली जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीची स्थापना झाली आणि हे काम देशाच्या मध्यभागी एकवटले. तोफ ओतणे ही एक विद्या आणि तिचा गाडा बनविणे ही दुसरी. गाड्याच्या चाकाला तोफेचे वजन तर पेलावे लागतेच, शिवाय गोळा सुटताना बसणारा मागचा धक्का, आणि उतरत्या जमिनीवर ओढताना बाजूने येणारा रेटाही सोसावा लागतो. म्हणून तोफेचे लाकडी चाक सपाट नसे, ते किंचित बशीसारखे खोलगट असे. बाजूचा रेटा आला की खोलगट चाकाचे आरे कमानीसारखे एकमेकांना आधार देतात.

तोफखान्याने आणखी एक नियम पाळला. तोफ, तिच्या पुढे जोडलेली दुचाकी आणि दारूगोळ्याची गाडी यांची चाके परस्परांत बदलता यावीत आणि त्यांच्या चाकांमधील अंतर सारखे असावे. पहिल्या कारणाचा उपयोग रणांगणावर चाक फुटल्यावर कळे, दुसऱ्याचा रोजच्या वाटचालीत. अंतर सारखे असले म्हणजे पुढच्या चाकांनी दाबलेल्या खाचेतूनच मागची चाके जातात आणि घोड्यांचे श्रम वाचतात. आमच्या शेतकऱ्याच्या चाकोरीचे शहाणपण तोफखान्याच्या नियमांत आले ते असे. गेल्या शतकात मोटारीने तोफ ओढण्यास सुरुवात झाली तेव्हा लाकडी चाके गेली आणि हवेचे रबरी टायर आले. या कारखान्यात तयार झालेल्या १५५ मिलिमीटरच्या ‘धनुष’ तोफांपैकी पहिल्या सहा ८ एप्रिल २०१९ रोजी सैन्याला मिळाल्या, त्याही रबरी टायरांवरच उभ्या आहेत.

हवेच्या टायरची हकीकत थोडक्यात सांगतो. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ साली त्याचे पेटंट घेतले, पण काळ अनुकूल नव्हता. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी तो नव्याने शोधला आणि सायकलींमुळे तो जगभर पसरला. १८९५ साली पॅरिस-बोर्दो-पॅरिस या शर्यतीत मिशलिन बंधूंनी हवेच्या टायरांवर मोटार चालवली. वाटेत टायर वारंवार फुटले, गाडी ठरल्या वेळेत पोहोचली नाही, परंतु हवेच्या टायरवर मोटार एवढा पल्ला गाठू शकते हे सिद्ध झाले. आपल्याकडे हाच टायर बैलगाडीलाही लागला. उसाच्या पट्ट्यात ज्याला टायरगाडी किंवा डनलॉप गाडी म्हणतात, ती लोखंडी धावेच्या गाडीपेक्षा कितीतरी अधिक ओझे नेते आणि सडकही कमी बिघडवते. सडकेचा विचार आपल्या देशात याच सुमारास शास्त्रशुद्ध रीतीने सुरू झाला. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्ते विकास समिती नेमली गेली, आणि १९४३ साली नागपूर येथे मुख्य अभियंत्यांची परिषद भरून वीस वर्षांची रस्तेयोजना आखली गेली. ती ‘नागपूर योजना’ म्हणूनच ओळखली जाते.

शर्यतीच्या मोटारींचे टायर आरंभी सायकलीला शोभतील इतके बारीक होते. १९६०च्या दशकात ते झपाट्याने रुंद झाले. कारण असे, की टायरचे रबर रस्त्यावर केवळ घासत नाही, ते खडबडीत पृष्ठभागाला पकडते. रुंद टायरमध्ये हे काम अधिक रबरावर वाटले जाते, ते कमी तापते आणि वळणावर अधिक रेटा सोसते. परंतु त्या काळच्या अभियंत्यांनी नुसते टायर बदलले नाहीत. त्यांनी गाडी बुटकी केली, धुऱ्याचे बेअरिंग, सुकाणूची जोडणी, स्प्रिंगा, ब्रेक सर्व नव्याने आखले. रुंद टायर हा त्या साऱ्या बदलाचा डोळ्यांना दिसणारा भाग होता. पाहणाऱ्याने तेवढाच पाहिला आणि तोच आपल्या गाडीला लावला. आजच्या हौसेचा उगम येथे आहे.

आता पुन्हा जबलपूरला येऊ. १९५९ साली जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्याने ‘शक्तिमान’ लष्करी ट्रक भारतीय आयुध कारखान्यांत बनू लागला. त्यानंतर जपानच्या निस्सान कंपनीची दोन वाहने आली. एक टन वजन नेणारी एक छोटी मालगाडी, आणि ‘पेट्रोल’ या नावाने जगभर गाजलेली चारही चाकांना शक्ती देणारी गाडी. या दुसऱ्या गाडीला नाव मिळाले ‘जोंगा’. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांतून ते तयार झाले असे सांगतात. या वाहनांसाठी १९६९ साली जबलपुरात स्वतंत्र व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. सहा सिलिंडरांचे, जवळजवळ चार लिटरांचे दणकट पेट्रोल इंजिन, पुढे-मागे सलग आस आणि त्यांवर पाट्यांच्या स्प्रिंगा, अशी जोंगाची रचना होती. तीस वर्षे ती सैन्याच्या सेवेत राबली. १९९९ साली तिचे उत्पादन थांबले. सैन्यातून निवृत्त झालेल्या जोंगा लिलावात विकल्या गेल्या आणि हौशी नागरिकांच्या हाती आल्या. तेव्हापासून रुंद टायर आणि स्पेसर हे जणू या गाडीचे अलंकारच ठरले आहेत.

या अलंकारांचा हिशेब आपण मांडून पाहू. गणित शाळेतलेच आहे. सोयीसाठी एक काल्पनिक गाडी घ्या. वजन सोळाशे किलो, डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर १४० सेंटिमीटर, आणि गुरुत्वमध्याची जमिनीपासून उंची ७० सेंटिमीटर. ही गाडी वळणावर अशा वेगाने वळते आहे, की तिला बाहेर लोटणारा जोर तिच्या वजनाच्या दोन-पंचमांश, म्हणजे ६४० किलो आहे. अशा वेळी आतल्या चाकांवरचे काही वजन उठून बाहेरच्या चाकांवर जाते. ते किती? जोराला उंचीने गुणावे आणि चाकांमधील अंतराने भागावे. उत्तर येते ३२० किलो.

आता प्रत्येक चाकामागे २५ मिलिमीटरचा, म्हणजे इंचभर जाडीचा स्पेसर घाला. अंतर १४५ सेंटिमीटर झाले. नवे उत्तर ३०९ किलो. फायदा अकरा किलोंचा, म्हणजे शेकडा साडेतीनही नाही. एवढ्यावर न थांबता मालक २०५ मिलिमीटर रुंदीचे टायर काढून २३५ मिलिमीटरचे बसवतो. दोन्ही टायरांची बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ७५ असेल, तर नवा टायर केवळ रुंद नसतो, तो उंचही असतो. गाडी सुमारे सव्वादोन सेंटिमीटर वर उचलली जाते. पुन्हा भागाकार करा. उत्तर ३१९ किलो. स्पेसरने मिळवून दिलेल्या अकरा किलोंपैकी दहा उंच टायरने परत नेले. गाडी पाहणाऱ्याला मात्र ती पूर्वीपेक्षा फार स्थिर झाली आहे असे वाटते, आणि चालवणाऱ्यालाही तसेच वाटते. धोका आहे तो इथे.

याशिवाय काही गोष्टी मुकाट्याने बिघडतात. टायरचा घेर वाढल्यामुळे वेगाचा काटा खोटे सांगू लागतो. चाकाची मधली लोखंडी रिंग सोळा इंची धरली, तर वरील उदाहरणात काटा ६० दाखवील तेव्हा गाडी जवळजवळ ६४च्या वेगाने धावत असेल. चाक धुऱ्यापासून दूर गेल्यामुळे बेअरिंगवर तरफेसारखा वाढीव ताण पडतो. पुढच्या चाकांचा वळण्याचा बिंदू सरकतो आणि प्रत्येक खड्ड्याचा हिसका सुकाणूच्या चक्रावर अधिक जोराने येतो. जोंगासारख्या सलग आसाच्या गाडीत तर स्प्रिंगा होत्या तेथेच राहतात. चाके बाहेर सरकली तरी वळणावर गाडीचे अंग पूर्वीइतकेच झुकते. कोणी केवळ मागच्या चाकांना स्पेसर लावले, तर चिखलात मागची चाके पुढच्यांनी दाबलेली वाट सोडून स्वतःची नवी वाट कापू लागतात. तोफखान्याने शतकापूर्वी जे टाळले, ते येथे पैसे खर्चून साधले जाते.

सर्वांत गंभीर गोष्ट मात्र अगदी लहान आहे. ती म्हणजे चाकाचा नट. नटाने आपल्या बोल्टच्या जाडीइतकी तरी लांबी आट्यांवर पकडावी, असा कामचलाऊ पण शहाणा नियम आहे. बोल्ट १२ मिलिमीटर जाडीचा आणि त्याच्या दोन आट्यांतील अंतर दीड मिलिमीटर असेल, तर नट निदान आठ फेरे बसला पाहिजे. त्यात नुसती पाच मिलिमीटरची चकती घातली, की तीन फेरे गेले. चाक बसलेले दिसते, फिरते, आणि एखाद्या दिवशी घाटात निसटते. बैलगाडीचा मालक निघण्यापूर्वी आसाच्या टोकाची खीळ पाहून घेई. मोटारीच्या मालकाला आपल्या चाकाची खीळ कोणती हे पुष्कळदा ठाऊकही नसते.

रुंद टायरविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. रुंद टायर म्हणजे जमिनीशी अधिक संपर्क, असे सरसकट मानले जाते. पण चाकावरचे वजन चारशे किलो आणि टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो असेल, तर टेकलेली जागा स्थूलमानाने दोनशे चौरस सेंटिमीटरच राहणार, मग टायर अरुंद असो वा रुंद. रुंदीने त्या जागेचा आकार बदलतो, ती आडवी आणि आखूड होते. कोरड्या डांबरी वळणावर हा आकार उपकारक आहे. पावसाच्या पाण्यावर तोच घातक ठरू शकतो, कारण रुंद टायरला पुढचे पाणी बाजूला सारणे जड जाते आणि तो पाण्यावर तरंगू लागतो. वाळूत दाब उतरवून रुंद टायर चालवणे शहाणपणाचे. खाली घट्ट आणि वर चिखल अशा काळ्या मातीत अरुंद टायरच तळ गाठतो. कमिंगसाहेबांनी सांगितले होते ते हेच. रुंदी किती, यापेक्षा ती कशी टेकते हे महत्त्वाचे.

मग स्पेसर सर्वथा त्याज्य आहे काय? तसे नाही. जर्मनीच्या पोर्श कारखान्याने आपल्या काही स्पोर्ट्स कारांसाठी स्वतःच स्पेसर दिले, पण त्यांच्या जोडीला लांब बोल्टही दिले. चकती धुऱ्यावर नेमकी मध्यभागी बसेल अशी घडवली, आणि हे सर्व त्या गाडीच्या वजनाचा व बेअरिंगांचा विचार करून ठरवले. ज्याने गाडी आखली त्याने तिची रुंदी बदलणे वेगळे, आणि बाजारातून आणलेली चकती नजरेच्या अंदाजाने ठोकून देणे वेगळे.

मी शासकीय नोकरीत आहे. त्यामुळे कायद्याविषयी दोन शब्द बोलणे माझ्याकडून अपेक्षितच असेल. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती झाली. नोंदणी पुस्तकातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांपासून वेगळे पडतील असा फेरफार मालकाने करू नये, असे तिने ठरवले. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला, आणि मूळ तपशिलाशी विसंगत असे वाहन नोंदता येणार नाही असे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. निर्मात्यानेच त्या गाडीसाठी मान्य केलेल्या मापांचे टायर लावण्याला अर्थातच आडकाठी नाही.

हा कायदा पुष्कळांना हौसेवरचा घाला वाटतो. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. निर्माता जे देतो तेच अंतिम मानले असते, तर मोटारीची निम्मी सुधारणा झालीच नसती, कारण ती हौशी माणसांनीच आपल्या गाड्या उघडून केली आहे. शिवाय कायदा कागदावरची मापे तपासू शकतो. नटाचे आठ फेरे तो तपासू शकत नाही. १७५३च्या कायद्यानेही नऊ इंच मोजले, आणि गाडीवाल्यांनी शंकू करून त्याला चकवले. कायद्याने पट्टी लावावी आणि लोकांनी पट्टीपुरते वागावे, या खेळात रस्त्याचे भले कधीच झाले नाही. परंतु याचा निष्कर्ष कायदा नको असा होत नाही. गाडी मालकाची असली तरी रस्ता सर्वांचा असतो, आणि निसटलेले चाक कोणाच्या अंगावर जाईल हे मालकाच्या हातात नसते. म्हणून हौशी माणसावर कायद्याहून मोठी जबाबदारी येते. ज्याला आपल्या गाडीची रुंदी बदलायची आहे, त्याने तिची उंची, तिचे बेअरिंग, तिचे बोल्ट आणि ती ज्या रस्त्यावर धावणार आहे तो रस्ता, या सर्वांचा हिशेब आधी मांडला पाहिजे, आणि तो एखाद्या जाणत्या अभियंत्याला दाखवला पाहिजे. हिशेब जमला नाही, तर गाडी आहे तशी ठेवण्यात कमीपणा नाही.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी एका कंपनीत गेली आणि व्हेइकल फॅक्टरी दुसरीत. कारभाराच्या पाट्या बदलल्या, तरी तोफेचे आणि ट्रकचे चाक कोठे बसावे हा प्रश्न तेथे अजूनही मोजमाप करूनच सोडवला जातो. जुनी जोंगा जिवापाड जपणाऱ्या तरुणांना माझे सांगणे एवढेच आहे. ही गाडी ज्या गावात घडली, तेथील कारागिरांनी तिचे प्रत्येक माप विचार करून राखले होते. तुम्हांला ते माप बदलायचे असेल, तर त्यांच्याइतकाच विचार करून बदला. आणि गाडी सुरू करण्यापूर्वी, बैलगाडीचा मालक खिळीवर हात फिरवून पाही तसे, चारही चाकांचे नट एकदा स्वतःच्या हाताने पाहून घ्या.